बाजूला सारलेलं ताट

सुकट भाजल्याचा खमंग वास आला की दासगावच्या आमच्या बुद्धवाडीतली एक दुपार आठवते. कॉलेजातली मैत्रीण पोलादपूरहून पहिल्यांदाच घरी जेवायला आली होती. मोठ्या शेतीवाल्या मराठ्यांची लेक. आईनं चुलीवर सुकट भाजून ताट वाढलं, तर तिनं ते हळूच बाजूला सारलं आणि नाकाला ओढणी लावली. मी समतेची पत्रकं वाचत वाढलेली, लगेच उसळले, "आमच्या अन्नाचा विटाळ होतो का तुला?" तिचे डोळे भरले. धापा टाकत तिनं पिशवीतून दम्याचा पंप काढून ओढला. श्वास जरा सावरल्यावर म्हणाली, "विटाळ कसला गो! सुकट सोसत नाय मला, ॲलर्जी हाय. दमा हाय, आतड्यालाही सूज हाय. ही तिन्ही दुखणी एकमेकांत गुंतलेली असतील, असं डॉक्टर म्हणतात. जेवणाच्या पाटावर पोटाचं कसं सांगू?" आई माझ्यावर ओरडली, "भाषण आवर नि खिडक्या उघड." मग तिला मोकळ्या हवेत ओटीवर बसवून आईनं वेगळं भांडं घासलं आणि मऊ भात शिजवला. त्यातला पहिला घास मैत्रिणीनं माझ्याच तोंडात कोंबला, "आता तरी गप्प बस!" विटाळाशी माझं भांडण आजही चालूच आहे, फक्त पाहुण्याला काय सोसत नाही, हे आता मी स्वयंपाकाआधी विचारते.