आभारानंतर गायन

आमच्या गंगाखेडात कार्यक्रम कशाचाही असो, तो भाषणांसाठी असतो. रक्तदानाला आलेला माणूससुद्धा आधी तासभर भाषणं ऐकतो आणि मग बाही वर करतो. हे मी तुच्छतेनं लिहितो आहे. तसं लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, कारण ज्या सांस्कृतिक मंडळानं यंदाच्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या अल्बमचं प्रकाशन केलं, त्या मंडळाचा मी सहसचिव आहे.

बहीण राणीसावरगावला शाळेत शिकवते. आमचे वडील जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. मला सूर नव्हता, म्हणून पेटी तिच्याकडे गेली. पुढं तिनं कीबोर्ड घेतला. मग कधीतरी मोबाईलवर तिला अमेरिकेतल्या काळ्या बायकांची गाणी सापडली. बाई एकटीच पियानोवर बसते, स्वतःच वाजवते आणि स्वतःचं दुःख जराही न लाजता, मधूनच हसत सांगते. ओळ एकदा म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. या गाण्यांना ब्लूज म्हणतात, हे मला तिनंच सांगितलं.

"दादा, या बाया आपल्या वस्तीतल्याच वाटायल्यात," ती म्हणाली. "फक्त पेटी मोठी हाय त्यांची."

तिनं आपल्या बोलीत तशी आठ गाणी रचली. परभणीला दुकानांच्या जाहिराती रेकॉर्ड होतात अशा एका खोलीत जाऊन ती गायली. वाजवलंही तिनंच. मी ती गाणी पहिल्यांदा गाडीत ऐकली आणि घर आल्यावरही खाली उतरलो नाही. बायकोनं खिडकीतून विचारलं, "पेट्रोल संपलं का माणूस संपला?"

पण ही गाणी बहिणीनं लोकांसमोर कधी म्हटली नव्हती. तिच्या शाळेत कुणी म्हणे आवाज मशीननं नीट केलाय. कुणी म्हणे वाजवणारा पुरुष दुसराच असणार, हिनं नुसतं नाव लावलंय. मी मंडळातर्फे प्रकाशन करू म्हणालो तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. "लोकांसमोर एक गाणं म्हणू द्या. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, अख्खं. बाकी तुमचं तुमी बघा."

मी हो म्हणालो. मी सगळ्यांनाच हो म्हणतो आणि नंतर सगळ्यांची माफी मागत फिरतो.

मंडळाच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिका ठरली. स्वागत, सत्कार, प्रास्ताविक, प्रकाशन, मनोगतं, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय समारोप, आभार. आणि आभारानंतर गायन. मी चाचरत म्हणालो, गाणं आधी घेतलं तर? अध्यक्षांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. ते निवृत्त प्राचार्य आहेत. आमच्याकडं निवृत्त प्राचार्य कधीच निवृत्त होत नाहीत.

"गाणं आधी झालं की लोक उठून जातात," ते म्हणाले. "मग भाषणं कुणी ऐकायची?"

म्हणजे आपलं भाषण ऐकायला कुणी येत नाही, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तरी उपाय म्हणून त्यानं गाणाऱ्या बाईला ओलीस ठेवलं होतं. बैठकीत सगळ्यांनी माना हलवल्या. एक मान माझी होती.

सभागृह दुपारपुरतं मिळालं होतं. संध्याकाळी तिथं साखरपुडा होता. बॅनरवर वरच्या रांगेत पाहुण्यांचे फोटो, मधे आम्हा पदाधिकाऱ्यांचे आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, बहीण. माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा होता. मला ते खटकलं. पण खटकण्याआधी क्षणभर बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, कारण वेळेवर येणारा माणूस आमच्याकडं प्रमुख पाहुणा ठरत नाही. मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा अध्यक्षांनी केला, अध्यक्षांचा सचिवांनी, सचिवांचा कोषाध्यक्षांनी. माझा कुणी करायचा हे ठरलं नव्हतं म्हणून दोघांनी केला. शाली अंगावर घालायच्या, फोटो निघेपर्यंत थांबायचं, काढायच्या. बहीण मंचाच्या एका टोकाला कीबोर्डमागं बसून होती. तिचा सत्कार राहून गेला.

प्रकाशन म्हणजे पेनड्राइव्ह. तो फोटोत दिसणार नाही म्हणून मिठाईचा खोका चमकी कागदात बांधून त्यात ठेवला होता. सात जणांनी मिळून तो कागद फाडला, खोका कॅमेऱ्याकडं धरला, पेनड्राइव्ह खाली पडला आणि टाळ्या झाल्या. तो टेबलाखालून मी शोधला.

मग मनोगतात सचिवांनी संगीताची उत्पत्ती घेतली. पाहुण्यांनी गाणी ऐकलेली नव्हती, तसं त्यांनी अभिमानानं सांगितलं, "व्यापामुळं ऐकायला वेळ मिळाला नाही, पण गाणी उत्तमच असणार." पुढं ते रस्त्यांवर बोलले. शाल खांद्यावर तशीच ठेवून, गाणं न ऐकता ते निघून गेले आणि निम्मं सभागृह त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलं. अध्यक्षांनी उरलेल्यांना धरून ठेवलं. ब्लूज या प्रकारातली वेदना त्यांनी इतकी समजावून सांगितली की पुढच्या रांगेतले दोन गृहस्थ झोपले.

दारातून साखरपुड्याच्या बायका आत डोकावू लागल्या. सभागृहाचा व्यवस्थापक मला म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं. मग मी बटण बंद करणार हाय."

पाच मिनिटं होती आणि आभार माझ्याकडं होते. आभार टाळून मला गाणं सुरू करता आलं असतं. पण माइक हातात आला की माझ्या तोंडून आपोआप नावं येतात. पाहुणे, अध्यक्ष, मंडपवाले, ध्वनिवाले, ज्यांचं नाव अनवधानानं राहिलं त्यांची क्षमा.

"दादा," मागून आवाज आला. "बस खाली."

मी वळलो. ती माझ्याकडं बघतही नव्हती. डाव्या हातानं तिनं खालचे सूर धरले होते आणि ते जड पावलांनी चालू लागले होते. अध्यक्ष म्हणाले, "अहो, आभार पूर्ण व्हायचेत." ती गायली:

*गेली शेवटची यष्टी, मी फाट्यावर उभी,*
*गेली शेवटची यष्टी, मी फाट्यावर उभी,*
*बसले असते तर पोचले असते, तुझ्यापायी राहिले उभी.*

आमची माणसं खुर्च्या सरकवत चहाकडं निघाली होती. अध्यक्ष आपली शाल घडी करत होते. मी त्यांच्या मागं जाणार होतो, त्यांची समजूत काढायला. दोन पावलं गेलोही. तेवढ्यात व्यवस्थापक भिंतीकडं जाताना दिसला आणि मी धावत जाऊन बटणासमोर पाठ लावून उभा राहिलो.

"साहेब, व्हा की बाजूला. त्यांची माणसं आली."

मी हललो नाही. तोंडात "माफ करा" आलं होतं, ते गिळलं.

साखरपुड्याच्या बायका आत आल्या. हातात ताटं, साड्यांच्या पिशव्या. कडेला ठेवून त्या मोकळ्या खुर्च्यांवर बसल्या. एक ठसठशीत मावशी, नवऱ्या मुलाकडची असावी, म्हणाली, "अगं बाई, शुभ कामाला हे रडगाणं कशाला?"

"रडायलीय कुठं?" दुसरी म्हणाली. "त्याला धुवायलीय ती. ऐका की."

पुढच्या कडव्यात यष्टीत न बसलेली बाई चालत गावाला पोचते आणि तो माणूस घरी जेवत बसलेला असतो. बायका मोठ्यानं हसल्या. मावशी सगळ्यांत जास्त. "माझाच बसलाय बघ जेवत," ती म्हणाली. बहिणीनं शेवटची ओळ दोनदा म्हटली, सूर सोडला, हात मांडीवर ठेवले. गाणं अख्खं झालं होतं. माझ्याशिवाय आमच्या मंडळाचा एकही माणूस आत नव्हता.

मी बटणासमोरून बाजूला झालो. बहीण वायर गुंडाळायला उठली.

"उठू नगा बाई," मावशी म्हणाली. "अजून एक म्हणा. आमचा फुलवाला आला न्हाई अजून."

बहीण परत बसली. "लांब म्हणू का छोटं?"

"परभणीहून यायलाय मुडदा. लांब म्हणा."