शेवटची गव्हाची बिअर

दुसऱ्या महायुद्धातली ती शेवटची थंडी. आमची पलटण इटलीत एका नदीच्या अलीकडे मोर्चा धरून होती. मी उंब्रजचा. भरती झालो रायफल चालवायला आणि वाट्याला आली ऑफिसर्स मेसची बाटली. वडील माळकरी. त्यांना मी शेवटपर्यंत ‘स्टोअरला आहे’ असंच सांगत आलो.

मेस एका फुटक्या शेतघरात होती. जर्मन जाताना तळघरात गव्हाच्या बिअरची एक पेटी टाकून गेले होते. मेजरसाहेबांनी मला कृती शिकवली. मगात व्हिस्की, लिंबाचा रस, चमचाभर मध आणि वरून ती बिअर. बिअर अगदी शेवटी, पिणारा समोर आल्यावरच. आधी ओतली की फेस बसतो आणि मग ते औषधासारखं लागतं.

कडेगावचा शिवा, पलटणीत नाईक, माझा जिवाभावाचा दोस्त. त्यानं एकदा बाटलीचा वास घेतला.

“गव्हाची? आमच्यात गव्हाची पोळी सणाला मिळती. हे रोज पित्यात व्हय रं?”

पेटीत एकच बाटली उरली होती, तेव्हा नदी कुठून पायी ओलांडता येईल ते बघायला शिवाची गस्त निघाली. तो धरून तिघे. मेजरसाहेब दिलदार. म्हणाले, “नाईक, आखरी बॉटल तुम्हारी. पी के जाओ.”

मी व्हिस्की, लिंबू, मध मगात घातलं. बाटली उचलली तर शिवानं माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे गड्या. आल्यावर वत. बैलाच्या आदी कोण पोळी खातं?”

मला ते पटलं. आमच्याकडे बेंदराला बैलांना घास दिल्याशिवाय माणूस जेवत नाही. आधी काम, मग सण.

वायरलेस सेट शेजारच्याच खोलीत होता. दुपार व्हायच्या आत शिवाचा आवाज आला.

“हॅलो वन, टू कॉलिंग. पानी छाती तक. वापस आ रहे हैं. ओव्हर.”

मी बूच काढलं. तेवढ्यात नदीकडे मशीनगन सुरू झाली.

“हॅलो टू, हॅलो टू, वन कॉलिंग. ओव्हर.”

सिग्नलवाला तेच तेच म्हणत राहिला.

दोघे भिजलेले परत आले. त्यातला एक म्हणाला, “नाईक मागं थांबला. आमाला कव्हर दिलं. पान्यात पडल्याला दिसला, मग दिसला न्हाई.”

साहेबांनी शिवाचा मग त्या दोघांपुढे सरकवला. कुणी हात लावला नाही.

लढाई संपली. घरी आलो आणि बेंदराच्या दिवशी कडेगावला गेलो. शिवाची आई चुलीपाशी पोळ्या करत होती. तिनं एकच विचारलं.

“जाताना उपाशी हुता का रं?”

मी सगळं सांगितलं, दारूसकट. ती तव्याकडे बघत ऐकत होती.

“पाजायचं हुतंस,” ती म्हणाली. मग तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, “पर ऐकला नसता. बैलाच्या आदी खायचं न्हाई, ही मीच लावल्याली सवय.”

दारात बैल रंगवून उभे होते. त्यांना अजून घास गेला नव्हता. तिनं तव्यावरची पोळी काढली आणि माझ्या ताटात वाढली.

“आवं, बैल ऱ्हायल्यात,” मी म्हणालो.

“थांबत्यात बैल. तू खा.”