दाजींचा सट्टा आणि ताईचं उत्तर

मंडळी, आज सकाळी अंजूरचे माझे दाजी राहनाळला मी कामाला आहे त्या गोदामावर आले. म्हणाले, "मोबाईलवर सट्टा खेळतोय. सुटत न्हाय. दवाखान्यात माझ्यासंगती येशील?"

मी हाफ डे टाकला आणि त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "खेळताना मजा येते?"

"पयले यायची. आता नुसती धाकधूक हाय."

"हा आजार आहे, यावर उपचार आहेत. घरी माहीत आहे?"

"न्हाय, अजून सांगितलं न्हाय." बाहेर आल्यावर मात्र त्यांनी ताईला फोन लावून सगळं सांगितलं.

ताई म्हणाली, "मला ठाव हाय. तुमी कवा सांगता, त्याचीच वाट बघत व्हते. पुढच्या येळेस मी येते."

दाजी तिथेच बाकावर बसून रडले.

तुमच्या घरातलं कोणी असं सांगायला आलं, तर आधी ओरडाल की सोबत जाल?