सातवी पायरी

सोनाबाई घरत कोणत्याही जिन्याच्या सातव्या पायरीवर आल्या की ‘सात’ म्हणत. मोठ्याने नव्हे, मागून येणाऱ्याला ऐकू जाईल इतपत. बाकीच्या पायऱ्या मुकाट्याने. दवाखाना असो, लग्नाचा हॉल असो, की जमीन बिल्डरला देऊन बदल्यात मिळालेल्या इमारतीचा जिना असो. इमारतीला लिफ्ट आहे, पण ब्याऐंशीव्या वर्षीही बाई दुसऱ्या मजल्यावर पायीच जातात. घरातल्यांना हे म्हातारपणाचं खूळ वाटायचं आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं असतं.

मी चारुदत्त. पनवेलच्या एका शाळेत चौतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, मी गाढी नदी सांभाळायला घेतली. दर जानेवारीत एका रविवारी सकाळी मी लोकांना नदीकाठाने फिरवतो आणि जुनं बंदर दाखवतो. येतात बहुतेक नवीन पनवेल आणि खारघरचे, पांढरे बूट आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. नाकाला रुमाल लावून उभे राहतात. मी त्यांना सांगतो की तुम्ही जिथे नाक धरलंय तिथे मालाचे मचवे लागत होते, इथलं मीठ आणि तांदूळ मुंबईला जात होते, आणि तेव्हा तुमच्या सोसायटीच्या जागी भात डोलत होतं. थोडा खवचटपणा होतो, पण त्याशिवाय लोक ऐकत नाहीत.

यंदा त्या काठावर एक फलक लावायचा होता. मजकूर माझा, पैसे फेरीला येणाऱ्यांनी मिळून घातलेले. त्यासाठी जुना फोटो मिळतो का पाहायला प्रणितकडे गेलो. प्रणित घरत माझा विद्यार्थी, आता गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. जिन्यात पुढे त्याची आजी चढत होती. सातव्या पायरीवर ती ‘सात’ म्हणाली. मास्तरकीची खोड जात नाही, मी विचारलं की बाकीच्या सहा पायऱ्यांनी काय पाप केलं? सोनाबाई आठव्या पायरीवर बसल्या आणि तिथेच त्यांनी मला सगळं सांगितलं. फोटो राहिला बाजूला.

सोनाबाईंचं माहेर जासईचं. बाप मिठागरात कामाला, त्यामुळे मीठ त्यांना नवं नव्हतं. लग्न होऊन पनवेलला आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात सासूने त्यांना बंदरावर नेलं. आसपासच्या मिठागरांतून बैलगाड्यांनी मीठ यायचं, ते पाट्यांत भरून डोक्यावरून मचव्यात उतरवायचं, हे बायकांचं काम. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि धक्क्याच्या दगडी पायऱ्या खाली पाण्यापर्यंत. पाटी डोक्यावर असली की मान खाली घालता येत नाही. त्यामुळे त्या पायऱ्या कशा दिसतात हे कोणीच नीट पाहिलेलं नव्हतं. पावलांनाच काय ते माहीत.

सातवी पायरी अर्धी तुटलेली होती. म्हणून रीत अशी पडली होती की पुढची बाई सातवीवर आली की ‘सात’ म्हणायची, मग मागची पाय लांब टाकायची आणि तिच्या मागचीसाठी स्वतः म्हणायची. दिवसभर धक्क्यावर तेवढा एकच शब्द वरून खाली उतरत राहायचा. सोनाबाईंच्या मागे नेहमी त्यांची धाकटी जाऊ असायची, सखूबाई. दोघी एका ताटात जेवणाऱ्या. पायांच्या भेगांत मीठ गेलं की एकमेकींच्या टाचांना तेल लावणाऱ्या. संध्याकाळी घरी येताना दोघींच्या हसण्याने आळी डोक्यावर घेतली जायची, असं सोनाबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

एका सकाळी सखूबाईंनी सोनाबाईंची चुंबळ न विचारता उचलली. जुन्या लुगड्याची, स्वतः वळलेली, मऊ झालेली चुंबळ. एवढंच कारण. सोनाबाई फुगल्या. दोन खेपा झाल्या तरी दोघी एकमेकींशी बोलेनात. तिसऱ्या खेपेला सोनाबाई सातवीवर आल्या आणि तो शब्द त्यांच्या तोंडातून निघाला नाही.

सखूबाई मिठाच्या पाटीसकट खाली गेल्या. खुबा मोडला तो कधी नीट बसला नाही. पुढे त्या लंगडतच चालल्या, बंदरावर परत आल्या नाहीत. घरी राहून त्यांनी दोघींची पोरं वाढवली, प्रणितच्या बापालाही त्यांनीच न्हाऊमाखू घातलं. साठ वर्षं दोघी एका घरात राहिल्या आणि त्या सकाळचा विषय एकदाही निघाला नाही. सोनाबाईंना तेच सगळ्यात जड गेलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, म्हणाल्या. गेल्या दिवाळीनंतर सखूबाई वारल्या.

“मना ती पायरी एकदा दाखवा, मास्तर,” सोनाबाई म्हणाल्या. “तिच्यासमोर बोलाची राहिली. आता तितं जाऊन बोलीन.”

मी दाखवतो म्हणालो. घरी आलो आणि माझ्या लक्षात आलं की सहा वर्षं मी लोकांना जो धक्का दाखवतोय त्याला नऊ पायऱ्या आहेत आणि नऊच्या नऊ धडधाकट आहेत. फलक तयार होता. त्यावर सुवाच्य अक्षरांत ‘मिठाचा धक्का’ लिहिलेलं होतं. मी स्वतःची समजूत घातली की मधल्या काळात कोणीतरी सातवी दुरुस्त केली असेल. चूक कबूल करण्यापेक्षा समजूत घालणं सोपं असतं, हे मी चौतीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांत पाहिलंय.

फेरी वद्य तृतीयेला ठेवली होती. तिथीवरून ओहोटी काढायची पद्धत मला मचव्यावरच्या एका जुन्या तांडेलाने शिकवली होती, त्यामुळे साडेआठ-नऊला पायऱ्या उघड्या पडणार हे पक्कं होतं. सोनाबाई प्रणितच्या खांद्यावर हात ठेवून आल्या, हिरवं लुगडं नेसून. मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली तरी त्यांना फारसं दिसत नाही. तिथे जमलेल्या पंचवीस-तीस जणांना मी सोनाबाईंची ओळख करून दिली, बंदराचा इतिहास सांगितला, आणि फलकावरचं फडकं काढायच्या आधी बाईंना पायऱ्या उतरायला सांगितलं. त्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“हा नाय,” त्या म्हणाल्या.

मी वाद घातला. आता लाज वाटते, पण घातला. दुरुस्तीचं सांगितलं, नकाशाचं सांगितलं, एका जुन्या अहवालाचाही हवाला दिला. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी ब्याऐंशी वर्षांच्या बाईला तिचा धक्का समजावून देत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमी डोल्यांनी बघता, मास्तर. आमी पायांनी चाललो. या पायऱ्या बुटक्या हायेत.”

मी वाद थांबवला. मग त्यांनी विचारलं की मारुतीचं देऊळ अजून आहे का. आहे, म्हटलं. रस्त्याच्या त्या बाजूला, आता त्याला टाइल्स बसवल्यात. रोज पहिली खेप घ्यायच्या आधी बायका मारुतीच्या उंबऱ्याला हात लावून निघायच्या, आणि तिथून धक्क्यापर्यंत एकशे दहा पावलं. सोनाबाईंनी उंबऱ्याला हात लावला आणि चालायला लागल्या. त्यांची पावलं आता आखूड पडतात, ते धरून त्या मधूनमधून स्वतःशीच दोन-चार पावलं वाढवत होत्या. आम्ही सगळे मागे. एरवी गर्दीच्या पुढे मी चालतो. त्या दिवशी मी मधे कुठेतरी होतो.

पावलं संपली ती एका भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडपाशी. त्याने काय हवंय विचारलं, प्रणितने सांगितलं, आणि त्याने मागचं दार उघडून दोन जुने फ्रीज बाजूला सरकवले. मागे झुडपं, प्लास्टिक, चिखल, आणि त्या चिखलात खाली जाणारी काळ्या दगडांची ओळ. सहा वर्षं मी तिथून शंभर पावलांवर उभा राहून भाषण करत होतो.

प्रणितने चिखल खरवडून दगड मोकळे केले. सोनाबाईंनी चपला काढल्या. प्रणितचा हात धरून एकेक पायरी उतरल्या, मान ताठ, नजर समोर नदीकडे, डोक्यावर पाटी असल्यासारखी. सहावीवर थांबल्या. मग लांब पाय टाकून आठवीवर गेल्या आणि मागे वळल्या. मधल्या पायरीचा अर्धा दगड गायब होता.

“सात,” त्या म्हणाल्या.

प्रणितच्या मागे मी होतो. मी पाय लांब टाकला आणि मला काय झालं कोण जाणे, मीही मागच्यासाठी ‘सात’ म्हणालो. माझ्यामागे खारघरहून आलेली पूर्वी नावाची मुलगी होती, तीही म्हणाली. पाच-सहा जण उतरलो असू, खाली त्याहून जास्त जागा नव्हती. सगळ्यात शेवटी उतरलेल्याने मागे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. तो गप्प राहिला.

सोनाबाईंनी विचारलं, सगळे आले का. प्रणित हो म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि रिकाम्या पायऱ्यांकडे तोंड करून पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने, वर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. “सखू, सात.” मग त्या रडल्या. आम्ही चिखलात उभे राहिलो. त्यांना कोणी उगी केलं नाही, आणि ते बरंच झालं.

फलक तिथे लागला नाही. तो सध्या माझ्या बाल्कनीत भिंतीला टेकून आहे आणि बायको रोज त्यावरून बोलते. नवा मजकूर मी सोनाबाईंना वाचून दाखवल्याशिवाय रंगवायला देणार नाही.

त्या दिवशी दुपारी त्यांना घरी सोडायला मी आणि प्रणित गेलो. लिफ्ट चालू होती, पण बाई जिन्याकडेच वळल्या. मी मागे होतो आणि नकळत मोजत होतो. सातवी आली. त्या काही बोलल्या नाहीत. आठवीवर जरा टेकल्या आणि म्हणाल्या की गुडघे फार दुखतात, उद्यापासून लिफ्टनेच जाईन.