ग्लासावरचं संत्र्याचं झाड

आशाबाई बोलायला लागल्या की चांदूरबाजारच्या अख्ख्या गल्लीला कळतं, आणि गप्प बसल्या की त्याहून लवकर कळतं. त्या दिवशी त्या सकाळपासून गप्प होत्या.

लेक प्रणाली हॉलंडला शिकायला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून आली. पण आई हो म्हणेल तरच. त्या एका 'हो'साठी मुलाची आई, मारेकाबाई, थेट आशाबाईंच्या संत्र्याच्या बागेत येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, उन्हानं टमाट्यासारख्या लाल.

त्यांनी कापडातून एक ग्लास काढला. पातळ, उंच दांडीचा, अडीचशे वर्षांचा. त्यावर काचेतच कोरलेला मुकुटवाला सिंह, पंजात बाणांची जुडी, बाजूला एक झाड. एकेकाळी तो उंचावून तिकडची माणसं देशाचं नि राजघराण्याचं भलं चिंतायची. आता मारेकाबाईंच्या घरी सोयरीक ठरली की दोन्हीकडच्या आया त्यातून पितात.

चंद्रभाननं, म्हणजे आशाबाईंच्या मालकानं, त्यात मृगबहाराच्या संत्र्यांचा रस ओतला. "घे व, पे."

आशाबाई झाडाकडे बघत होत्या. "हे कायचं?"

"संत्र्याचं," प्रणाली म्हणाली. "त्यायच्या राजघराण्याचं चिन्ह हाय."

"तिकडं होते संत्रा?"

"नाई व. थंडी किती."

"झाड एक नाई, अन मिजास पाह्य," चंद्रभान म्हणाला.

आशाबाई मूळच्या बार्शीटाकळीच्या, कापसातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं हाती चाकू दिला आणि जंबेरी लिंबाच्या रानटी खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधायला शिकवलं. पहिल्या साली बांधलेले सगळे डोळे वाळले. त्या गोठ्यामागे जाऊन रडल्या. पुढे हात असा बसला, की रोपं न्यायला आलेला माणूस आधी विचारी, "आशाबाईच्या हातचं हाय ना?"

तर आता त्यांना दिसलं, की कोरलेल्या झाडाचं खोड मधूनच कापलंय आणि बाजूनं एकच फांदी फुटलीय.

"हे तोडलं कोनं?"

मारेकाबाईंनी सांगितलं, प्रणालीनं वऱ्हाडीत आणलं: घराण्यातले जुने गेले, पण नवा फुटवा आला, असा त्याचा अर्थ.

"ते राहू दे. फुटवा डोळ्याच्या वर हाय का खाली? खालचा असन तं रानटी. ठेवून काय करतं?"

प्रणालीनं कसंबसं विचारलं. मारेकाबाई चष्मा चढवून वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. इतकी वर्षं ग्लास पुसला, म्हणाल्या, हे कधी पाहिलं नाही.

तेव्हा आशाबाईंनी ग्लास उचलला. उजेडात धरला, फांदीवरून नख फिरवलं. टोकाला फळ होतं, गोल, गुळगुळीत; जंबेरीसारखं खरबरीत नव्हे.

"वरचाच हाय. संत्रा धरला."

मग लेकीला म्हणाल्या, "इचार तिले, पयल्या थंडीत तुह्याजवळ कोन राहीन? पयलं साल लय वाईट असते."

मारेकाबाई एकेक वाक्य सावकाश बोलल्या, प्रणाली सांगत गेली. "माझं घर हिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. ती बोलावेल तेव्हा येईन. नाही बोलावलं तरी रविवारी येईनच."

"आयतवारी," आशाबाई म्हणाल्या. "बरं."

त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास लेकीपुढे केला.

"आई, हे तुमा दोघींचं असते."

"मले नोको शिकवू. थंडी तुले लागनार हाय. पे."

प्रणाली प्यायली. पिता पिता डोळे भरले, नाक वाहिलं, तरी ग्लास सोडेना.

"पुरे व," चंद्रभान हळूच म्हणाला. "सासूसाठी ठेव थोडा."