सुबरावाची झाकलेली गाठ

वडगावात मागावर सुबरावाची तीस वर्षं गेली. तुटलेला धागा तो असा सफाईनं जोडायचा, की गाठ साडीच्या उलट्या बाजूलाच राहायची. स्वतःचं दुखणंही त्यानं तसंच ठेवलं होतं. बायको ताराबाई सोडली तर कुणाला पत्ता नव्हता.

दुखणं क्रोन्सचं. आतड्याला सूज येऊन येऊन एका जागी वाट अरुंद झालेली. जेवलं की पोटात पीळ पडायचा. बेळगावच्या डॉक्टरांनी दोनदा दुर्बीण आत नेऊन, त्या जागी फुगा फुगवून वाट मोकळी केली होती. आता तिसरी खेप मंगळवारी होती. तोवर पेज आणि ताकच घ्यायचं, साली-चोथ्याचं काही खायचं नाही, असं त्यांनी चारचारदा बजावलं होतं.

नेमकी रविवारी लेकीची, सुवर्णाची, सुपारी फुटायची होती, लग्न पक्कं व्हायचं होतं, शहापुरात, नवऱ्या मुलाच्या घरी.

"दुखणं लेकीत उतरंल म्हणून सोयरीक मोडतील," सुबरावानं ताराबाईला दटावलं. "एक शब्द काढायचा न्हाय."

शहाणा माणूस, पण इभ्रतीपुढं अक्कल गहाण! पंगतीत मटकीची उसळ आली. त्यानं पानावर हात आडवा धरला, तर व्याही परशराम म्हणाले, "का ओ अण्णा, आमच्या घरचं आवडलं न्हाय व्हय?" ताराबाई डोळ्यांनी विनवत होती. सुबरावानं तिच्याकडं बघायचं टाळलं, हात काढला आणि दोनदा उसळ घेऊन पान चाटूनपुसून साफ केलं. सुपारी फुटली.

सोमवारी सकाळी पोट टम्म फुगलं. अरुंद जागेत चोथा अडकून वरचं आतडं फाटलं होतं. फुग्याची वेळ टळली होती. पोट फाडावं लागलं. जीव वाचला, पण शुद्धीवर आला तेव्हा शौचाची पिशवी पोटावर चिकटवलेली होती.

चौथ्या दिवशी विहीणबाई अक्काताई दवाखान्यात आल्या. सोयरीक मोडायला आल्या, असं समजून सुबरावानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्यांनी डबा उघडला. आत तांदळाची पेज होती.

"माझ्या भावाला हेच दुखणं हाय, अण्णा," त्या म्हणाल्या. "त्यो आमच्यातच असतोय, त्याच्यासाठी रोज येगळी पेज शिजतीया. नुसतं बोलला असता, तर तुमच्या पानातबी वाढली असती की ओ."

सुबरावाला हुंदका आवरेना. रडता रडताही त्याचा हात सवयीनं चादरीकडं गेला, पिशवी झाकायला.