विमान मागे ढकलणारा माणूस

त्या माणसाचा आवाज मला आजही ऐकवत नाही. माणूस म्हणजे खरा नव्हे, संगणकातला. विमान चालवण्याचा एक प्रोग्रॅम मी गेली सात वर्षं घरी वापरतो. बायको त्याला खेळ म्हणते. त्या प्रोग्रॅमला जोडायचा आणखी एक प्रोग्रॅम मिळतो. तो घातला की विमानतळावर खाली उभी असलेली माणसं आपल्याशी बोलू लागतात. आपण माइकमध्ये इंग्रजीत सांगायचं: सामानाचं दार लावा, बाहेरची वीज काढा, विमान मागे ढकला. खाली ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला माणूस उत्तर देतो आणि सांगितलेलं करतो. जाहिरातीत तरी करतो.

माझ्याकडे तो इंग्रजीत एकच वाक्य बोलायचा. "कॅप्टन, पुन्हा सांगता का?" अतिशय अदबीने. दहाव्यांदा विचारतानाही पहिल्या वेळचीच अदब. एखाद्या कचेरीत खिडकीमागचा माणूस आपलं काम न करता गोड बोलत राहतो तेव्हा अंगाचा जो तिळपापड होतो, तो मी घरबसल्या विकत घेतला होता.

मोठ्या विमानतळावर विमान इमारतीकडे तोंड करून उभं असतं. मागे यायला त्याला ट्रॅक्टर लागतो. म्हणजे हा माणूस ऐकत नाही तोवर विमान हलत नाही. शेकडो प्रवासी बसलेत, इंधन भरलंय, आणि आपण भिंतीकडे बघत बसलोय.

मी उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत तपासणी खात्यात काम करतो. ओतून आलेला माल मापायचा, मापात बसला तर पुढे, नाही तर परत. त्यामुळे बिघाड शोधायची माझी एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चाळीस वेळा करून बघायचं, आकडा लिहायचा. मी तक्ता केला. पहिल्या दिवशी चाळीसपैकी सहा हुकूम ऐकले गेले. विंडोजची भाषा भारतातल्या इंग्रजीवरून अमेरिकेतल्या इंग्रजीवर नेली: सात. माइक म्हणून संगणक भलताच, कॅमेऱ्यातला माइक धरत होता, तो बदलला: नऊ. प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला: नऊ. पंखा बंद करून घामाच्या धारा वाहत बसलो: आठ. असे तेवीस बदल झाले, तेवीस ओळी झाल्या आणि तीन महिने गेले. बनवणाऱ्यांना मी सगळा तक्ता इंग्रजीत लिहून पाठवला. उत्तर आलं, पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची एक चर्चेची जागा आहे, तिथे विचारलं. एका महाभागाने लिहिलं, माझ्याकडे तर छान चालतो. ते वाचून मी संगणक बंद केला आणि गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसलो. शिसारी हा शब्द मी जपून वापरतो. तेव्हा शिसारी आली होती.

एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. सोडता आलं नाही ते अक्कामुळे.

अक्का माझी थोरली बहीण. पन्हाळ्यावर राहते. दाजी गेल्यापासून घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. तिची एकुलती एक मुलगी हैदराबादला असते. तिला आठवा महिना लागला आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. नवऱ्याची नोकरी पाळ्यांची. अक्काला जायलाच हवं होतं. पण अक्काच्या कमरेचं दुखणं असं की पन्हाळ्यावरून कोल्हापुरात उतरेपर्यंतच ती दोनदा गाडी थांबवायला लावते. रात्रभर बस शक्य नव्हती. कोल्हापूरहून विमान सुटतं, आणि अक्का विमानात कधी बसली नव्हती.

पडायची भीती तिला नव्हती. तिची भीती वेगळी होती.

"आरं, तिथं कुणीतरी कायतरी सांगणार. इंग्रजीत न्हाईतर हिंदीत. मला कळणार न्हाय. आन माझ्यापायी सगळी खोळंबणार. सगळी माझ्याकडं बघणार."

"कोण बघत नाही, अक्का."

"तुला काय ठावं? तू तरी कुठं बसलाईस?"

खरं होतं. सात वर्षं विमानं चालवून मी एकदाही विमानात बसलो नव्हतो.

भाचीने सांगितलं होतं, रविवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळव, तिकिटं संपत आलीत. मी अक्काला म्हणालो, रविवारी सकाळी घरी ये. दार लागण्यापासून विमान वर जाईपर्यंत सगळं दाखवतो, माणसांच्या आवाजासकट. एकदा बघितलंस की नवीन काही उरणार नाही. हे म्हणताना तो अदबीचा माणूस माझ्या डोक्यात होताच. पण मला वाटलं, शनिवारभर बसलो तर जमेल. शनिवारी सोळावर पोचलो. चाळीसपैकी सोळा. खात्यात इतका वाईट माल आला असता तर मी गाडीतून खाली उतरवू दिला नसता.

रविवारी अक्का आली, खुर्चीत उशी लावून बसली. पडद्यावर विमान उभं होतं. मी माइक डोक्याला लावला आणि म्हणालो, "आता दार लागेल." दार लागलं. सोळातलं एक असावं. मग ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, विमान मागे ढकला.

"कॅप्टन, पुन्हा सांगता का?"

पुन्हा सांगितलं. मोठ्याने. तो पुन्हा तेच म्हणाला. मी शब्द सुटा सुटा करून, आणखी मोठ्याने सांगितलं.

आतून बायको म्हणाली, "वन्सं, कानात कापूस घाला. आता अर्धा तास हेच चालायचं."

पाचव्या वेळी समोरच्या घरातले काका खिडकीत आले. "काय ओ, सकाळी सकाळी कुणाला धरलाय?"

"विमानवाल्याला," बायकोने उत्तर दिलं.

"मग हाणा की दोन!"

मी अक्काकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. हात मांडीवर घट्ट धरले होते.

"असंच असतंय व्हय तिथं?" ती म्हणाली. "तुला एवढं इंग्रजी येतंय, तरी त्याला कळंना. मग माझं काय व्हणार? मी न्हाय जात. पोरीला फोन लाव."

तीन महिन्यांचा सगळा राग माझ्या तोंडात आला. त्या प्रोग्रॅमचा, बनवणाऱ्यांचा, छान चालतो म्हणणाऱ्याचा. मी माइक तोंडाशी ओढून सातव्यांदा असा ओरडलो की खाली कुत्रं भुंकायला लागलं.

"कॅप्टन, पुन्हा सांगता का?"

"काय म्हणतोय त्यो?" अक्काने विचारलं.

"पुन्हा सांगा म्हणतोय."

"मग सांग की नीट. त्याच्या अंगावर कशाला जातोस?"

"अक्का, मी नेहमीच्या आवाजात बोलतोय."

"आरं, माझ्याकडं येणाऱ्या पावण्याला मी ह्या आवाजात बोलले तर त्यो खोली बघायच्या आधी गड उतरंल. हळू बोल. बाबा न्हाईत आता."

हे शेवटचं मला समजावून सांगावं लागेल. आमचे वडील फौंड्रीतच होते, ओतलेल्या मालाची कडा घासायच्या खात्यात. तिथल्या आवाजाने त्यांचे कान चाळिशीतच गेले. घरात सगळे त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलायचे, आणि मग एकमेकांशीही त्याच आवाजात. ते जाऊन बारा वर्षं झाली. आवाज आम्ही कुणी खाली आणला नाही. अक्काने आणला, कारण तिच्याकडे परकी माणसं येतात. बंगाली, गुजराती, कधी कुठली. शब्द कळत नाहीत, तेव्हा ती हळू आणि थोडं बोलते, आणि समोरच्याचं तोंड बघते.

तिला खोटं पाडायचं म्हणून मी अगदी हळू बोललो. देवघरात कुणी बसलेलं असताना बोलावं तसं.

"रॉजर, कॅप्टन. ब्रेक सोडा."

आणि विमान मागे सरकायला लागलं. बायको हातात पळी घेऊन दारात आली. मी ब्रेक सोडायला विसरलो होतो, ट्रॅक्टर तसाच ढकलत होता.

तो प्रोग्रॅम प्रत्येक हुकमाला शंभरपैकी गुण देतो आणि एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. पास व्हायला सत्तर लागतात. ओरडलेल्या सात हुकमांना पंचवीस ते चौतीस होते. या एकाला शहाऐंशी. मग मी माझा तक्ता काढला. दुसऱ्याच ओळीत माइकची चाचणी होती. प्रोग्रॅम सांगतो, नेहमीच्या आवाजात बोला, आणि आवाजाची पट्टी किती भरते ते दाखवतो. माझी पट्टी टोकापर्यंत भरून तिथेच चिकटली होती. मी समोर लिहिलं होतं: शंभरपैकी शंभर, उत्तम.

काटा टोकाला जाऊन चिकटला की ते माप नसतं, ते फेकून द्यायचं, हे मी खात्यात प्रत्येकाला सांगतो. वीसेक वर्षं सांगतोय. आणि घरी मी त्याला उत्तम लिहून खालच्या एकवीस ओळी त्याच्यावर रचल्या. आवाज इतका मोठा की माइकमध्ये तो फाटत होता, आणि ऐकलं नाही की मी आणखी मोठा करत होतो. त्या ट्रॅक्टरवाल्यापेक्षा मला स्वतःचाच जास्त तिटकारा आला. ते अक्षरही माझंच, सुवाच्य.

अक्काला यातलं काही नको होतं. विमान मागे गेलं याचंही तिला फार नव्हतं. ती म्हणाली, "त्यानं किती येळा विचारलं रं?"

"सात वेळा."

"सात येळा विचारूनबी त्यो चिडला न्हाय."

"मशीन आहे ते, अक्का. खरी माणसं इतकी सोसत नाहीत. माझ्याकडे बघ."

"तुझ्याकडं बघत आलेय की पन्नास वर्षं." मग तिने पडद्यावरच्या ट्रॅक्टरकडे बोट केलं. "म्हंजे न्हाय कळलं तर परत विचारायचं. त्यो विचारतोय तसं. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग विचारीन. लाव फोन. तिकीट काढ म्हणावं."

त्या दुपारी जेवताना मी तिला तीनदा समजावलं, की विमान आधी मागे जाईल, घाबरायचं नाही, ट्रॅक्टर ढकलतो, मग तो सुटतो, मग इंजिनं.

निघायच्या दिवशी सकाळी मी आणि बायको तिला विमानतळावर सोडायला गेलो. दारात ओळखपत्र बघणाऱ्या शिपायाने अक्काला काहीतरी हिंदीत विचारलं. ती बोलायच्या आधी मीच सुरू झालो, अहो पहिल्यांदा चाललीय, कंबर दुखते तिची, खुर्ची मिळेल काय. माझा आवाज कसा होता ते आजूबाजूच्या माना वळल्या त्यावरून कळलं. अक्काने माझ्या दंडावर हात ठेवला. "तू गप." मग शिपायाकडे बघून हळूच म्हणाली, "परत सांगा." त्याने परत सांगितलं. तिने पर्समधून कार्ड काढून दिलं. त्याने तिची पिशवी आत उचलून नेली. बघणारे मात्र होते. माझ्याकडे बघत होते.

आम्ही बाहेर येऊन कुंपणाच्या कडेला रस्त्यावर उभे राहिलो. पंख्याचं छोटं विमान होतं. पंखे फिरले. मी ट्रॅक्टरची वाट बघत होतो. विमान जागच्या जागी वळलं आणि आपलं आपण निघून गेलं.

"ढकलणारा कुठाय ओ?" बायको म्हणाली.

नव्हता. इथे लागतच नाही. विमान मोकळ्या जागेत उभं असतं, स्वतःच वळतं. सात वर्षांत मी परदेशातल्या बड्या बड्या विमानतळांवरून उड्डाणं केली, घरापासून काही मैलांवर असलेल्या विमानतळावर एकदाही विमान नेऊन उभं केलं नव्हतं. तपासलं नव्हतं. आणि तिला तीनदा सांगितलं होतं.

दुपारी घरी येऊन मी तो प्रोग्रॅम काढून टाकला. चालत होता आता, चाळीसपैकी सदतीस. पण त्याची ती अदब ऐकवेना.

तेवढ्यात अक्काचा फोन आला.

"पोचलीस काय?" मी विचारलं.

"पोचले. पोरीजवळच बसलेय. ढकललं न्हाय की रे कुणी?"

"तिथं लागत नाही, अक्का."

"मग आधी सांगायचं न्हाईस व्हय? मी आपली वाट बघत बसले. शेवटी विमानातल्या त्या पोरीला विचारलं, पाणी देत होती तिला, ढकलणार कवा म्हणून. तिला कळलं न्हाय. परत विचारलं. तिसऱ्यांदा तिनं खिडकीतनं हात करून दाखवलं, तर खाली ढग."

"जमलं ना मग? पोरगी बरी आहे ना? काय म्हणतात डॉक्टर?"

"बरी हाय. झोपलीय आत्ताच," अक्का म्हणाली. "हळू बोल. फोनमधनं तिच्यापत्तूर ऐकू येतंय."